मधले पान

एकदा एका वृद्ध गुरुजींनी ऐन जेवणावळीच्या सकाळी सगळ्या वाढप्यांना दिवसाचा मोबदला दिला आणि नमस्कार करून घरी पाठवले. कारण काही सांगितले नाही. वाढप्यांनी आचाऱ्याकडे पाहिले, आचाऱ्याने छताकडे पाहिले, आणि गुरुजींचा शिष्य निरंजन याने कपाळाला हात लावला. त्या दिवशीच्या सगळ्या व्यवस्थेचा भार त्याच्याच शिरावर होता.

गुरुजी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे वटवृक्ष आणि पर्णकुटी आली असेल, तर ती जरा बाजूला ठेवा. हे गुरुजी एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवत. वर्गात प्रोजेक्टर होता, पण ते खडूनेच लिहीत, आणि तास संपेपर्यंत त्यांच्या सदऱ्याची बाही पांढरी झालेली असे. निवृत्ती जवळ आली होती. निरंजन त्यांचाच विद्यार्थी. तो आता त्याच विभागात अध्यापक झाला होता आणि गुरुजींच्या शेजारच्या टेबलावर बसत होता. इतर अध्यापक त्यांना सर म्हणू लागले होते, पण निरंजनच्या तोंडून जुने 'गुरुजी' काही सुटले नव्हते, आणि त्याचे ऐकून मुलेही तसेच म्हणत.

निरंजनकडे शेवटच्या वर्षाचा एक विषय होता. एकच काम अनेक संगणकांनी आपसांत वाटून घ्यावे आणि एकाच वेळी करावे, ते कसे, हा तो विषय. आज बहुतेक मोठी कामे अशीच होतात. आपल्या खिशातला फोनसुद्धा आतून एकटा नसतो. परंतु महाविद्यालयाची रीत अशी, की पहिली तीन वर्षे मुलांनी एका संगणकाला एकामागून एक पायऱ्या सांगायला शिकायचे, आणि अनेकांचा मेळ कसा घालायचा ते अगदी शेवटी, निरोपसमारंभाच्या आधी घाईघाईने उरकायचे. परिणाम व्हायचा तोच होई. तीन वर्षे पहिल्या क्रमांकाने येणारी मुले या विषयात गटांगळ्या खात.

त्या वर्षी गटांगळ्या खाण्याची पाळी केतकीवर आली होती. केतकी म्हणजे विभागाचे भूषण. तिने लिहिलेला प्रोग्रॅम तपासताना निरंजनला लाल पेन उघडावे लागत नसे. तिने मोठ्या उमेदीने जिल्ह्यातील पर्जन्यमापक केंद्रांच्या पावसाची बेरीज करण्याचे काम हाती घेतले होते. एक संगणक जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडून केंद्रे मोजत येई, दुसरा दक्षिण टोकाकडून, आणि दोघांच्या बेरजा मिळून जिल्ह्याचा पाऊस. एकाच संगणकावर केले की उत्तर अचूक येई. दोन संगणक लावले की दर वेळी निराळे. कधी पाऊस वाढे, कधी घटे, आणि कधी उत्तर बरोबरही येई, ते तिला सर्वांत जास्त छळत असे. महिनाभर ती त्या प्रोग्रॅमशी झुंजली. शेवटी एका दुपारी निरंजनपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी हा विषय सोडते. पुढे शिकायचा विचारही सोडला. माझं डोकं एकाच मशीनचं आहे."

निरंजनला हे फार लागले. विद्यार्थी रडला तर अध्यापकाला धीर देता येतो. पण ती रडली नव्हती. तिने शांतपणे स्वतःविषयी एक निकाल देऊन टाकला होता. त्या दिवसापासून त्याच्या मनाने घेतले, की हा विषयच मुलांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. अभ्यास मंडळाची बैठक जवळ आली होती. तिथे उभे राहून तो सांगणार होता, की हा विषय ऐच्छिक करावा, ज्याला झेपेल त्याने घ्यावा, आणि वाचलेल्या वेळात एका संगणकाचा पाया आणखी पक्का करावा. एकट्याने नीट चालता येत नसताना घोळक्यात कशाला चालायचे, असे त्याचे म्हणणे. एकदा मंडळाने ते मान्य केले की पुढची पाच वर्षे त्यात बदल व्हायचा नव्हता.

गुरुजींना त्याने हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. विरोध केला नाही की मान डोलावली नाही. फक्त एवढेच म्हणाले, "बैठक त्याच दिवशी दुपारी आहे ना, नव्या मुलांच्या स्वागताचं जेवण असेल त्या दिवशी? मग जेवून जा. रिकाम्या पोटी काही मांडू नये." निरंजनला वाटले, म्हातारपणी माणसाला जेवणाचेच सुचते.

आणि मग त्या दिवशी सकाळी गुरुजींनी वाढपी घरी पाठवले.

आता निरंजनच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय केले असते? त्यानेही तेच केले. तो धावत गुरुजींकडे गेला आणि म्हणाला, की प्राचार्य येणार, अभ्यास मंडळाचे सदस्य येणार, गावोगावचे पालक येणार, कोणी पहिल्यांदाच मुलीला घराबाहेर ठेवणार म्हणून मन घट्ट करून आलेले असणार, आणि पानावर वेळेत भात पडला नाही तर महाविद्यालयाची शोभा होईल. गुरुजी म्हणाले, वाढपी आहेत की. खिडकीकडच्या पंगतीला शेवटच्या वर्षाची मुले वाढतील, भिंतीकडच्या पंगतीला आज आलेली नवी मुले. कोणाला काही शिकवायचे नाही आणि कोणाच्या मदतीला जायचे नाही. निरंजनने मध्ये उभे राहून पाहायचे, आणि पाहताना हात मागे बांधायचे. हे शेवटचे त्यांनी दोनदा बजावले.

लांबलचक सभागृहात समोरासमोर दोन पंगती मांडल्या गेल्या. पाट, पत्रावळी, पाण्याचे पेले. प्राचार्य खिडकीकडच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसले. गुरुजींना त्यांच्या शेजारी पाट ठेवला होता, पण ते भिंतीकडच्या पंगतीत गेले, दोन्ही टोके डोळ्यांनी मोजल्यासारखी पाहिली, आणि बरोबर मधल्या पाटावर बसले. त्यांच्या एका बाजूला कोणा मुलाचे वडील होते आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या लुगड्यातली कोणा मुलीची आई.

तिथली रीत आपल्या सगळीकडे असते तीच. आधी मीठ, लिंबू, चटणी, मग भाजी, मग भात, भातावर वरण आणि वरणावर तूप. सगळ्यांच्या पानावर तूप पडल्याशिवाय कोणी पानाला हात लावायचा नाही. तूप पडले की श्लोक म्हणायचा आणि यजमानाने 'सावकाश होऊ द्या' म्हणायचे. एकाचेही पान रिकामे असेल तर बाकीच्यांनी थांबायचे.

खिडकीकडे केतकीने सूत्रे हाती घेतली. दुसऱ्या कोणाला तशी इच्छाही नव्हती. तीन वर्षे सगळे तिच्याच वहीतून उतरवत आले होते. तिने योजना आखली आणि ती योजना निर्दोष होती. भांडी घेतलेली सगळी मुले तिच्यामागे ओळीने उभी राहिली. ती पहिल्या पानापुढे थांबली आणि म्हणाली, मीठ. मीठवाला पुढे झाला. मग चटणी, मग भाजी, मग भात, वरण, तूप. पान पुरे झाले, तिने एकदा निरखून पाहिले, आणि ती सगळी मिरवणूक दुसऱ्या पानापुढे सरकली. चूक कुठेही नव्हती. चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, भाताची मूद गोल. प्राचार्यांनी कौतुकाने मान हलवली. फक्त जेव्हा भात पडत असे तेव्हा मीठवाला उभा, तूपवाला उभा, भाजीवाला उभा, आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली माणसे रिकाम्या पत्रावळीच्या शिरा मोजत बसलेली.

भिंतीकडे मात्र नव्या मुलांची तारांबळ उडाली होती. सकाळपर्यंत त्यांना एकमेकांची नावेही माहीत नव्हती. कोणी पुढारी नाही, कोणी योजना नाही. ज्याला जे भांडे दिसले ते त्याने उचलले आणि मिळेल त्या टोकापासून सुरुवात केली. एका आजोबांच्या पानावर मिठाच्या तीन ढिगल्या जमल्या, कारण तिघांनाही मीठ वाढणे सोपे वाटले होते. वरणाच्या बाबतीत तर निराळेच घडले. एका मुलाने वरणाची बादली उचलली, दुसऱ्याने ते वाढायचे ओगराळे. बादलीवाला म्हणाला, ओगराळे दे, मी वाढतो. ओगराळेवाला म्हणाला, बादली दे, मी वाढतो. दोघेही भिडस्त घरातले. ओढाताण कोणी करेना, आणि हातातले कोणी सोडेना. दोघे आदबीने एकमेकांपुढे उभे राहिले. इकडून वरण, तिकडून वरण, असा पुकारा सुरू झाला तरी ते तसेच उभे.

निरंजनचे हात मागे बांधलेले होते, ते सुटले. तो पुढे झाला. तेवढ्यात मधल्या पाटावरून गुरुजींनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याचे पाऊल जागीच थबकले. मग त्याच्या देखत एक गंमत झाली. भाताची परात घेऊन जाणारी कस्तुरी नावाची एक किरकोळ मुलगी त्या दोघांपाशी थांबली, तिने ओगराळेवाल्याच्या हातातून ओगराळे काढून बादलीत टाकले आणि म्हणाली, "ओगराळं बादलीतच राहील. बादली ज्याच्या हातात, तोच वाढेल. तू तूप घे." बस्स. त्यानंतर त्या पंगतीत वरण एकदाही अडले नाही. निरंजनला आठवले, की दोन संगणक एकमेकांकडच्या वस्तूसाठी असे अडून बसले तर काय करायचे, हीच गोष्ट तो शेवटच्या वर्षाला फळ्यावर आकृत्या काढून शिकवत असे, आणि मुले ती पाठ करत.

भात दोन्ही टोकांकडून निघाला होता. या टोकाकडून कस्तुरी आणि त्या टोकाकडून इम्तियाज नावाचा एक उंच मुलगा. दोघेही भराभर येत होते. मध्यापाशी पोचता पोचता दोघांच्याही पराती रिकाम्या झाल्या आणि दोघेही आपापल्या वाटेने आचाऱ्याकडे वळले. तिला वाटले, पुढचे त्याने वाढलेले असणार. त्याला वाटले, तिने.

मधले पान तसेच राहिले. आणि ते पान गुरुजींचे होते.

मग बघा कसे झाले. वरणवाला आला, त्याने पानावर भात नाही असे पाहिले. वयस्कर माणूस आहे, उपास असेल, असे म्हणून तो आदराने पुढे गेला. तूपवाला आला, त्याने वरण नाही असे पाहिले, आणि तोही पुढे गेला. प्रत्येकाजवळ चांगले कारण होते. शेजारच्या हिरव्या लुगड्यातल्या बाईंनी हाक मारायला तोंड उघडले, तर गुरुजींनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि डोळ्यांनीच गप्प राहण्याची विनंती केली. त्या बिचाऱ्या अस्वस्थ होऊन पदर सारखा करत बसल्या.

हा काय प्रकार होता? निरंजनला ते दुरून दिसत होते. एका पंगतीत कोणाचीही चूक नव्हती आणि अर्धी पंगत अजून रिकामी होती. दुसरी पंगत केव्हाच उरकली होती आणि तिच्या मधोमध महाविद्यालयातला सर्वांत वडीलधारा माणूस रिकाम्या पानापुढे मूग गिळून बसला होता. वाफाळलेला भात दोन्हीकडे थंड होत चालला. प्राचार्य घड्याळ पाहू लागले. निरंजनला वाटले, माझे म्हणणे सिद्ध झाले. जाणत्यांना वेळ लागतो आणि अजाणत्यांच्या हाती काम दिले की गुरूच उपाशी राहतो. दुपारच्या बैठकीत हेच उदाहरण द्यावे, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

रिकामी परात आचाऱ्याकडे ठेवून परतणारी कस्तुरी मधल्या पाटापाशी आली आणि थांबली. तिने पानाकडे पाहिले, मग गुरुजींकडे.

"गुरुजी, तुमचा उपास आहे का?" तिने विचारले.

"नाही, बाळ," गुरुजी म्हणाले. "भूक लागली आहे."

त्या मुलीचा चेहरा पडला. तिने इम्तियाजला हाक मारली. तो आला, त्यानेही पान पाहिले.

"मला वाटलं तू वाढलंस," ती म्हणाली.

"मला वाटलं तू," तो म्हणाला.

दोष कोणाचा ते ठरवता येण्याजोगे नव्हते, आणि दोघांनाही ते कळले, ही त्यांची मोठीच गोष्ट म्हणायची. आपल्यासारखी मोठी माणसे तिथेच भांडण काढून संध्याकाळ करतात. इम्तियाजने धावत जाऊन भात आणला, कस्तुरीने तो वाढला, वरणवाल्याला आणि तूपवाल्याला हाक मारली. मग ती दोघे जरा बाजूला जाऊन कुजबुजली. परत आली ती एक ठराव करूनच. यापुढे दोन्ही टोकांकडून येणाऱ्यांनी मध्ये एकमेकांना भेटल्याशिवाय वळायचे नाही. भेटायचे, आणि तू कुठवर आलास ते तोंडाने विचारायचे. परात रिकामी झाली तरी आधी विचारायचे, मग भरायला जायचे.

भिंतीकडची पंगत खऱ्या अर्थाने आता पुरी झाली. खिडकीकडची अजून अर्ध्यावरच होती. नवी मुले मोकळी झाली होती आणि मोकळ्या हातांनी उभे राहणे त्या वयात जमत नाही. कस्तुरी केतकीकडे गेली आणि मदत करू का म्हणून विचारले. केतकी म्हणाली, आमचं आम्ही करतो. तिने मागे पाहिले. पहिल्या पानावरच्या भाताची वाफ केव्हाच गेली होती आणि तुपाचा थर गोठू लागला होता. तिच्या मिरवणुकीतली सगळी मुले पुढची आज्ञा कोणती म्हणून तिच्याच तोंडाकडे पाहत होती. निरंजनला एकाएकी ती त्या दुपारी आपल्या टेबलापुढे जशी उभी होती तशीच दिसली, आणि त्याला तिची फार दया आली. खरे म्हणजे थोडी स्वतःचीही आली, कारण ही मिरवणूक त्यानेच तीन वर्षे शिकवली होती.

केतकीने भाताची परात स्वतःच्या हातात घेतली. "काय करू सांग," ती कस्तुरीला म्हणाली.

विभागाच्या भूषणाने आज सकाळी आलेल्या मुलीला हे विचारले. कस्तुरीला त्यात काही विशेष वाटले नाही. ती म्हणाली, "ताई, तुम्ही या बाजूनं या, मी त्या टोकाकडून येते. मध्ये भेटू. बाकीच्यांना आपापलं वाढू दे, कोणी कोणासाठी थांबायचं नाही." मिरवणूक मोडली. मीठ एकीकडून निघाले, भाजी दुसरीकडून. बादलीत ओगराळे आणि परातीत भात, अशी ती पंगत दोन्ही टोकांनी भरत आली. आणि उरलेल्या पानांच्या जवळजवळ मध्यावर केतकी आणि कस्तुरी समोरासमोर आल्या. दोघींच्या मध्ये एक पान उरले होते. त्यावर भात नव्हता.

केतकीची परात रिकामी झाली होती. सवयीने ती वळू लागली होती. मग थांबली.

"तू कुठवर आलीस?" तिने विचारले.

"इथवर," कस्तुरी पलीकडच्या पानाकडे बोट दाखवून म्हणाली. "मधलं राहिलंय. माझ्याकडे आहे भात, मी वाढते."

तिने भात वाढला. पण केतकी जागची हलली नाही. रिकामी परात छातीशी धरून ती त्या एका पानाकडे पाहत राहिली. मागून तूपवाला 'ताई, वाट द्या' म्हणत होता तेही तिला ऐकू गेले नाही. मग ती तडक निरंजनकडे आली. डोळ्यांत पाणी होते आणि ते पुसण्याचे तिला भान नव्हते.

"सर," ती म्हणाली, "माझ्या प्रोग्रॅममध्ये मधलं पान राहतंय. एक उत्तरेकडून येतं, एक दक्षिणेकडून येतं, आणि मध्ये कोणी कोणाला विचारतच नाही. कधी मधलं केंद्र दोघं मोजतात, कधी कोणीच मोजत नाही. म्हणून पाऊस कमी-जास्त होतो, सर. मी महिनाभर बेरजेत चूक शोधत होते."

महिनाभर निरंजनही बेरजेतच चूक शोधत होता.

दोन्ही पंगतींत तूप पडले. श्लोक झाला. भात थोडा निवला होता, पण एवढ्या खोळंब्यानंतर कोणी तक्रार करायच्या मनःस्थितीत नव्हते. यजमानाचे शब्द स्वतः न म्हणता प्राचार्यांनी गुरुजींकडे पाहिले, आणि मधल्या पाटावरून गुरुजी म्हणाले, "हं, आता सावकाश होऊ द्या."

पंगती उठल्यावर गुरुजी मागच्या पायरीवर हात धुऊन सुपारी कातरत बसले होते. निरंजन शेजारी जाऊन बसला. बैठकीला थोडाच अवकाश होता. त्याने विचारले, "गुरुजी, तुम्ही मुद्दाम मध्ये बसलात?"

"दोन टोकांकडून वाढायला लागले की मधला उपाशी राहतो, हे मला माहीत होतं," गुरुजी म्हणाले. "पण मी ते सांगितलं असतं तर मुलांनी ते लिहून घेतलं असतं. तुझ्या वर्गात घेतातच की. आज कस्तुरीनं ते एका भुकेल्या माणसाच्या तोंडावर वाचलं, आता ती विसरायची नाही. निरंजन, केतकी त्या मुलीहून कमी हुशार नाही. जास्तच आहे. पण तीन वर्षं तिनं एकटीनं सगळं बरोबर केलं, आणि आपण तिला त्याबद्दल शाबासकी दिली. मग चौथ्या वर्षी तिला सांगितलं, की आता दुसऱ्याला विचार. ते तिला ज्ञान वाटलं नाही, कमीपणा वाटला. तू म्हणतोस, आधी एकट्यानं पक्कं होऊ दे. अरे, घरात बोलायला शिकणारं मूल एकटं बसून बोलायला शिकतं का? दहा माणसं एकाच वेळी बोलत असतात, त्या गलक्यातच ते शिकतं. त्याची भाषा पक्की होईपर्यंत आपण घरातल्यांची तोंडं बंद करत नाही."

हार मानण्याची निरंजनची तयारी होती, पण शिष्याचा धर्म म्हणून एक शंका त्याने राखून ठेवली होती. तो म्हणाला, "पण मग एकट्यानं करायचं शिकवायचंच नाही का?"

"शिकवायचं तर," गुरुजी हसून म्हणाले. "डाळ शिजायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच, चुलीपाशी कितीही आचारी उभे केलेस तरी. कोणतं काम वाटून होतं आणि कोणतं होत नाही, हेसुद्धा त्यांना पहिल्याच वर्षी कळू दे. चुका होतील. तीन वेळा मीठ पडेल. पहिल्या वर्षी पडलेलं मीठ हसण्यावारी जातं. शेवटच्या वर्षी पडलं की मुलगी म्हणते, माझं डोकंच एकाच मशीनचं आहे."

तेवढे बोलून ते पुन्हा सुपारी कातरू लागले. निरंजनच्या लक्षात आले, की केतकीचे ते वाक्य त्यांनी एकदाच, त्याच्याच तोंडून ऐकले होते, आणि इतके दिवस मनाशी धरून ठेवले होते.

दुपारच्या बैठकीत निरंजन उभा राहिला तेव्हा सगळ्यांना वाटले, की तो विषय काढून टाकण्याचेच बोलणार. त्याने सांगितले, की विषय काढू नये. तो शेवटच्या वर्षी राहावाच, पण त्याचा पहिला धडा पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात यावा, आणि पुढे दर वर्षी थोडा थोडा यावा. मंडळींनी बराच काथ्याकूट केला. नवख्या मुलांना हे झेपेल का, असे एका सदस्याने विचारले. निरंजन म्हणाला, "आज दुपारी त्यांनीच तुम्हाला जेवू घातलं." त्यावर त्या सदस्याने आपल्या पोटावरून हात फिरवला आणि पुढे काही विचारले नाही.

केतकीचा पाऊस जुळला. तिने प्रोग्रॅममध्ये फारसे काही बदलले नाही. दोन संगणकांनी मध्यावर एकमेकांना 'तू कुठवर आलास' असे विचारावे, एवढीच भर घातली. उत्तर आले तेव्हा ती एकटी नव्हती. तिने कस्तुरीला बोलावून घेतले होते, आणि कस्तुरीला त्यातले अर्धेअधिक कळलेही नाही, तरी ती मन लावून पाहत बसली होती. पुढे शिकायचा सोडलेला विचार केतकीने पुन्हा धरला.

पुढच्या वर्षी गुरुजी निवृत्त झालेले होते. नव्या मुलांच्या स्वागताचे जेवण होते आणि वाढायला नवी मुलेच होती. पत्रावळी मांडल्या गेल्या तशी प्राचार्यांनी निरंजनला आपल्या शेजारी बोलावले. त्याने नम्रपणे नकार दिला, तो भिंतीकडच्या पंगतीत जाऊन मधल्या पाटावर बसला, आणि दोन्ही टोकांकडून भाताच्या पराती येताना पाहू लागला. त्या आल्या, आणि वळून गेल्या. त्याच्या पानावर काहीच पडले नाही. त्याला चांगलीच भूक लागली होती, तरी कोणी येऊन विचारीपर्यंत तो शांतपणे वाट पाहत बसला.

तुमच्या-माझ्याही कामात अशी दोन टोकांकडून येणारी माणसे असतात. मध्यावर पोचलात की वळण्याआधी एकदा विचारून पाहा, तिथे कोणी तरी जेवायचा थांबलेला असतो.